त्वचासेतू

कक्षाचं जाड दार मिटलं, बाहेरून चाक फिरलं आणि हवा आत शिरू लागल्याचा आवाज सुरू झाला. कस्तुरी जगदाळेने आवंढा गिळला. शेजारच्या खाटेवर तिच्या भावाने, संग्रामने, जांभई दिल्यासारखा जबडा हलवला. कान मोकळे करण्याच्या दोघांच्या दोन तऱ्हा होत्या, आणि इतके दिवस एकत्र राहूनही एकाने दुसऱ्याची उचलली नव्हती.

खाटा दोन होत्या, पण त्यांच्यात अंतर नव्हतं, कारण ते ठेवताच आलं नसतं. संग्रामच्या डाव्या दंडाच्या आतली कातडी, खालच्या चरबीसकट आणि रक्तवाहिन्यांसकट, मोठ्या तळहाताएवढी सोडवून कस्तुरीच्या उजव्या हातावर शिवलेली होती. एका कडेने ती अजून संग्रामच्याच दंडाला जोडलेली होती. या जोडाला इथले डॉक्टर त्वचासेतू म्हणत. सेतू ताणला जाऊ नये म्हणून दोघांचे हात एका हलक्या चौकटीत बसवले होते. संग्रामचा हात खांद्यापासून वर उचललेला, त्याच्याखाली कस्तुरीचा. एकाने कूस बदलायची म्हटली तरी दुसऱ्याला विचारावं लागे.

कस्तुरी पाटणच्या पठारावर पवनचक्क्यांची देखभाल करणाऱ्या तुकडीची प्रमुख होती. एका चक्कीच्या माथ्यावरच्या यंत्रखोलीत तेलाने पेट घेतला, तेव्हा आतला जोडीदार बाहेर पडेपर्यंत तिने तापलेलं लोखंडी दार उजव्या हाताने लोटून धरलं. जोडीदार वाचला. कस्तुरीची पाठ आणि दोन्ही मांड्या भाजल्या, आणि उजव्या हाताची कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी गेली. आतल्या शिरा उघड्या पडल्या. तिच्याच अंगावरच्या उरल्यासुरल्या कातडीचे पातळ तुकडे दोनदा लावून पाहिले. दोन्ही वेळा ते आधी जांभळे, मग काळे पडले आणि ओल्या कागदासारखे निघून आले. शेवटी तिला पाचगणीच्या पठारावरच्या या दाबचिकित्सालयात आणलं.

पहिल्या भेटीत डॉ. रोहिणी तांबट यांनी तिला सगळं नीट समजावलं होतं. सोबत कक्ष चालवणारे दाबतज्ज्ञ मेहबूब नदाफ होते.

"सोड्याची बाटली उघडली की वायू फसफसून बाहेर येतो," नदाफ म्हणाले. "दाबाखाली तो पाण्यात विरघळलेला असतो. इथे आम्ही तुमच्या रक्ताची तशी बाटली करतो. एरवी प्राणवायू तांबड्या पेशींच्या पाठीवर बसून जातो. दाब वाढवला आणि शुद्ध प्राणवायू दिला, की तो रक्तातल्या नुसत्या पाण्यातसुद्धा विरघळतो. जिथे पेशी पोचत नाहीत, तिथे ते पाणी झिरपत पोचतं."

"म्हणजे कक्षात जखम बरी होते," कस्तुरी म्हणाली.

"नाही," डॉ. तांबट म्हणाल्या. "कक्ष मरू देत नाही, इतकंच. बरं होणं बाहेर होतं. प्राणवायू कमी पडला की ऊती हाक देतात. खरोखरची हाक, एक रासायनिक संदेश. ती ऐकून आसपासच्या रक्तवाहिन्यांना फुटवे येतात आणि ते हाकेच्या दिशेने वाढतात. कक्षातून बाहेर आलं की ऊतीला एकदम टंचाई जाणवते. आतली हवा दाट, पठारावरची विरळ. फरक जितका मोठा, तितकी हाक मोठी."

"मग दिवसभर आत का नाही ठेवत? मरणारही नाही."

"पोट भरलेलं पोर कशाला हाक मारेल? शिवाय इतका प्राणवायू फुप्फुसांनाही सोसत नाही."

कस्तुरी यंत्रांतली होती, तिला हे पटलं. पण तिच्या हातावर लावायला कातडी उरली नव्हती. रक्तपुरवठ्यासकट जिवंत कातडी हवी होती, आणि ती दुसऱ्याची असेल तर शरीराने नाकारू नये म्हणून सहनलस टोचावी लागे. ती लस अजून फक्त सख्ख्या भावंडांतच लागू पडत होती.

"भाऊ आहे ना तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

"त्याचा उपयोग नाही," कस्तुरी म्हणाली होती.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांना यकृताचा तुकडा हवा होता. कस्तुरीचं यकृत लहान पडत होतं, संग्रामचं चालणार होतं. तो लगेच हो म्हणाला. ऑपरेशनच्या सकाळी त्याची खाट रिकामी होती. रुग्णालयाचे कपडे घडी घालून उशीवर ठेवलेले होते. दुसरा दाता मिळेपर्यंत वडील टिकले नाहीत. कस्तुरीने त्यांना स्वतः अग्नी दिला आणि भावाशी बोलणं टाकलं. तो पुढे कोरेगावात ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करतो, एवढं तिला कुणाकडून तरी कळत राहिलं.

डॉक्टरांनी त्याला बोलावलं की त्याला परस्पर कळलं, हे तिने विचारलं नाही. एके दिवशी तो कपड्यांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, मी तपासण्या करून आलोय." उजव्या हाताची बोटं आत ओढली जाऊ लागली होती, त्यामुळे तिला नको म्हणायची सोय नव्हती. तिने मान हलवली. ती मान हलवणं तिला फार जड गेलं.

सेतू जोडल्यावर पहिले काही दिवस ती कामापुरतं बोलली. पाणी. उशी. जरा थांब. पण हाताला हात बांधलेल्या माणसाशी अबोला टिकवणं अवघड असतं. तिचा उजवा हात अडकलेला, म्हणून संग्राम तिच्या भाकरीचे तुकडे करून द्यायचा. दोघांची पावलं जुळल्याशिवाय मोरीपर्यंतही जाता येत नव्हतं, तेव्हा नर्स पडदा धरायची आणि संग्राम भिंतीकडे तोंड करून मोठ्याने पाढे म्हणायचा. तेराच्या पाढ्यात तो लहानपणासारखाच अडखळायचा. कस्तुरी एकदा पडद्याआडून म्हणाली, "तेरा साते एक्क्याण्णव." त्या दिवसापासून थोडं बोलणं सुरू झालं.

सेतूच्या खालून संग्रामची बोटं कधीमधी तिच्या कोपराला लागत. सुरुवातीला ती गारठलेली असत. पठारावरचा वारा, असं तिने धरलं. पुढे ती ऊबदार लागू लागली, तेव्हा तिच्या मनात काही आलंही नाही.

रोज कक्षात दाब, मग बाहेर विरळ हवा. रोज डॉ. तांबट सेतूवर बोट दाबून पाहत. बोट उचललं की पांढरा ठसा उमटे आणि हळूहळू गुलाबी होई. तो लवकर भरू लागला, तेव्हा त्यांनी सेतूला शिकवायला सुरुवात केली. सेतूच्या अरुंद भागावर त्यांनी एक मऊ चिमटा बसवला. त्याचा स्क्रू आवळला की संग्रामकडून येणारं रक्त अडे.

"आधी थोडाच वेळ," त्या म्हणाल्या. "भावाकडून येणारं बंद झालं की तुमच्या हातावरची कातडी तुमच्याकडे मागू लागेल. तुमच्या वाहिन्या आत शिरतील. एक दिवस चिमटा लावला तरी ती गुलाबीच राहील, त्या दिवशी सेतू कापायचा."

पहिल्या काही खेपांना कातडी चटकन जांभळी पडली. मग उशिरा. मग कडेला, जरा वेळच. नंतर मधे बरेच दिवस चिमटा लावला नाही. डॉक्टरांना वाहिन्या निवांत वाढू द्यायच्या होत्या.

शेवटची परीक्षा सकाळी उन्हात घेतली. डॉ. तांबटांनी स्क्रू पूर्ण आवळला. नदाफही येऊन उभे राहिले. सगळे कस्तुरीच्या हाताकडे पाहत होते. कातडी गुलाबी होती. वेळ गेला, तरी गुलाबीच. उन्हाने जरा जास्तच गुलाबी वाटली.

"झालं," डॉ. तांबट म्हणाल्या. "ही आता तुमची."

कस्तुरीने मान वळवून संग्रामकडे पाहिलं. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि कपाळावर घाम होता.

"काय झालं रे?"

"काही नाही. हात जरा दुखतोय."

डॉक्टरांनी त्याच्या हाताच्या पट्ट्या वर सारल्या. बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. नखांखाली निळसर छटा चढत होती. क्षणभर कुणालाच काही कळलं नाही, कारण चिमटा जिथे होता तिथून त्या बोटांकडे काही जात असेल, असं कुणी मनात आणलंच नव्हतं. मग डॉ. तांबटांनी झटकन स्क्रू सैल केला. पांढऱ्या बोटांत आधी डाग, मग रंग भरत गेला.

त्यांनी पुन्हा आवळून पाहिलं. कस्तुरीचा हात गुलाबी, संग्रामचा पांढरा.

दुपारी त्यांनी कस्तुरीच्या पायाच्या शिरेत एक निरुपद्रवी चमकरंग सोडला आणि दोघांना खास दिव्याखाली निजवलं. आधी कस्तुरीची बोटं उजळली. मग सेतू उजळला. आणि मग, नदाफ श्वास रोखून पाहत असताना, संग्रामची डावी बोटं एकेक करून उजळली.

"उलटं वाहतंय," नदाफ म्हणाले. "हिच्याकडून त्याच्याकडे."

संध्याकाळी डॉ. तांबट संग्रामच्या खांद्यातल्या रक्तवाहिन्यांचं चित्र घेऊन आल्या. संग्रामची तपासणी झाली तेव्हा त्याचा हात खाली होता आणि धमनी मोकळी दिसली होती. चौकटीत हात वर बांधल्यावर मात्र ती गळ्याचं हाड आणि बरगडी यांच्यामधे चेपली जाऊ लागली. अशा जागा काही माणसांत जन्मतःच अरुंद असतात. त्यात त्याच्या तंबाखूच्या सवयीने वाहिन्या आधीच कडक झालेल्या. चेपता चेपता ती धमनी बंदच पडली.

"कक्षात हात दाबाखाली असायचा तेव्हा थोडंफार झिरपून भागायचं," डॉक्टर म्हणाल्या. "बाहेर आलं की हात उपाशी. आम्ही एकाच हाकेकडे कान लावून बसलो होतो, कस्तुरीच्या हातावरच्या कातडीच्या. तिच्या शेजारी अख्खा हात त्याहून मोठ्याने ओरडत होता. तुमच्या वाहिन्या ज्या हाकेला धावल्या, ती त्याची होती. रक्त दाब जास्त तिथून कमीकडे जातं, त्याला कोणी दाता ठरवलाय हे माहीत नसतं." त्या संग्रामकडे वळल्या. "बोटांना मुंग्या कधीपासून येत होत्या?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"आम्ही रोज विचारत होतो."

"सांगितलं असतं, तर तुम्ही सेतू काढून मला घरी पाठवलं असतं."

खिडकीबाहेर पठारावर घोडेवाले घोडे परत नेत होते, त्यांचा आवाज येत राहिला.

"आता काय?" कस्तुरीने विचारलं.

"तुमचं काम झालंय. उद्या सेतू कापला तर तुम्ही मोकळ्या. पण त्याचा हात जाईल. धमनीत नवी नळी घालता येईल, पण त्यासाठी सेतू आधी तोडावा लागेल. अशा वाहिन्यांत निम्म्या नळ्या बंद पडतात, आणि मग परतीचा रस्ता नाही. दुसरा मार्ग लांबचा आहे. खांदा मोकळा राहील अशी नवी चौकट करायची. कक्ष चालू ठेवायचा. आणि चिमटा रोज थोडा थोडा लावायचा, आता त्याच्या हातासाठी. हात उपाशी ठेवला तरच तो खांद्याकडून वाहिन्या मागवेल. आठवडे लागतील, कदाचित महिने. तोवर तुम्ही त्याला पोसायचं. तुमच्या हृदयावर भार, जंतुलागणीचा धोका, सहनलस लांबवावी लागेल."

"कापा," संग्राम म्हणाला. "ताईचं झालंय ना. संपवा."

"ते तू ठरवू शकत नाहीस," डॉ. तांबट म्हणाल्या. "सेतूबाबत नियम एकच. देणारा कधीही, कारण न सांगता, तोडा म्हणू शकतो. घेणाऱ्याला त्यात शब्द नाही. इतके दिवस तो अधिकार तुझा होता. आज तो हिचा आहे." आणि कस्तुरीला म्हणाल्या, "लगेच उत्तर नको. उद्या सांगा."

डॉक्टर गेल्यावर दोघं छताकडे पाहत पडून राहिले. कस्तुरीला वाटलं होतं की आपल्या तोंडून ताबडतोब हो निघेल. ते निघालं नाही. त्याऐवजी तिला पठार दिसू लागलं, पाती, शिडी, दोन्ही हात मोकळे सोडून वाऱ्यात उभं राहणं. तुकडी तिची वाट पाहत होती. हृदयावर भार म्हणजे किती भार, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. तिच्या छातीत धडधडलं आणि त्या प्रत्येक ठोक्याबरोबर थोडं रक्त त्या दंडात जात होतं, हे तिला पहिल्यांदाच जाणवलं. तिला तो हात हिसकून घ्यावासा वाटला. ही इच्छा इतकी खरी होती की तिने डाव्या हाताने खाटेची कड धरली.

"त्या दिवशी तू कुठे गेला होतास?" तिने विचारलं.

कुठल्या दिवशी, असं त्याने विचारलं नाही.

"एसटी स्टँडवर. कोल्हापूरच्या गाड्या सुटत होत्या. एकीतही बसलो नाही. परत यायचं होतं मला. बाकावरून उठवेना."

"मरायची भीती वाटली?"

"मरायची नाही गं. आपल्यातून काढून दुसऱ्यात जाणार, मग आपण किती उरणार, असलं काहीतरी. आता सांगताना येड्यासारखं वाटतंय."

"बाबा दुसरे होते?"

तिने तो प्रश्न परत घेतला नाही. त्या दिवशी घडलं ते माफ करण्याजोगं नव्हतं. पण खाटेची कड धरलेली तिची बोटं दुखू लागली होती, आणि ती कशासाठी धरली आहे हे तिला नेमकं ठाऊक होतं. इतकी वर्षं ती उशीवरच्या त्या घडी घातलेल्या कपड्यांकडे बाहेरून पाहत आली होती.

"मलाही आत्ता उठून पळावंसं वाटतंय," ती म्हणाली.

"मग सांग त्यांना. मी काही मनात धरणार नाही."

"तू धरशील की नाही याचा हा प्रश्न नाहीये." तिने खाटेची कड सोडली. "नशीब माझं, स्टँड लांब आहे इथून."

सकाळी डॉक्टर आल्या तेव्हा तिने एकच विचारलं, नवी चौकट कधी तयार होईल.

पुढचे दिवस आधीच्यांपेक्षा कठीण गेले. रक्त अडवलेला हात दुखतो, आणि ते दुखणं औषधाने पूर्ण थांबवता येत नव्हतं, कारण औषध वाहिन्यांनाही सुस्त करतं. चिमट्याचा स्क्रू कस्तुरीकडे दिला होता. डाव्या हाताने ती तो आवळायची. भावाच्या बोटांतला रंग आपल्या हाताने घालवायचा, तो विव्हळू लागला तरी डॉक्टरांनी नेमून दिलेली वेळ भरेपर्यंत सोडायचा नाही, हे तिला स्वतःच्या जळण्यापेक्षा अवघड वाटलं. तो दात खाऊन म्हणायचा, "बोलत राहा." मग ती बोलायची. चक्कीच्या माथ्यावरून कोयनेचं पाणी कसं दिसतं ते सांगायची. बाबांचं सांगायची. शेवटच्या महिन्यात ते काय काय बोलले, तेही तिने हळूहळू सांगितलं, त्यातलं कडू न गाळता. संग्रामने ते कधी ऐकलंच नव्हतं. दुखण्याने रडतोय की ऐकून, हे तिने विचारलं नाही.

त्याच्या करंगळीचं टोक वाचलं नाही. ते काळं पडून वाळलं आणि डॉक्टरांनी काढून टाकलं. पण बाकीची बोटं चिमटा लावल्यावर पूर्वीपेक्षा उशिरा पांढरी पडू लागली. मग फिकट. आणि पठारावर दाट धुकं उतरलं होतं अशा एका दुपारी डॉ. तांबटांनी चिमटा आवळलेला असताना त्याच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. त्यांनी नदाफांना बोलावलं. नदाफांनीही बोटं ठेवली.

"बारीक आहे," नदाफ म्हणाले. "पण याची स्वतःची आहे."

सेतू कापला त्या दिवशी दोघांनाही पूर्ण बेशुद्ध केलं नव्हतं, फक्त हात बधिर केले होते. दोघांच्या मधे हिरवं कापड उभं धरलेलं होतं. "कापल्यावर कडा बघायच्यात मला," कस्तुरी म्हणाली, तेव्हा डॉ. तांबटांनी ते थोडं खाली करायला सांगितलं.

पातं मधोमध फिरलं. दोन्ही हात सुटे झाले. एका कडेवर कस्तुरीचा नवा हात, दुसऱ्या कडेवर संग्रामचा दंड. मदतनीस डॉक्टर लगेच चिमटे घेऊन पुढे झाला, पण डॉ. तांबटांनी त्याला हाताने थांबवलं. कापलेली ऊती जिवंत आहे की नाही, हे कळायची एकच खूण असते. कोरडी राहिली तर मेली.

मग कस्तुरीच्या कडेवर तांबडा थेंब जमला, फुगला आणि ओघळला. तिने तो पाहिला आणि नजर पलीकडे नेली. पलीकडची कड अजून फिकट होती. संग्रामने डोळे मिटून घेतले होते.

"संग्राम," ती म्हणाली, "बघ."

त्याच्या कडेवर दोन ठिकाणी रक्त आलं.

डॉ. तांबटांनी ते क्षणभर तसंच वाहू दिलं, आणि मग टाका घालायला सुई मागितली.